हिंवाळा आणि फिरत्या घरांतील बंब

थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे घरांतील कोणकोणत्या वस्तूंची तजवीज करावी, याची आपल्याकडील यादी फार लहान असते. रजया उन्हांत घालाव्या, लोकरीचे कपडे पेटींतून काढावे, पायांच्या भेगांस लावावयास आमसुलाचें तेल घरीं आहे कीं नाहीं तें पाहावें, येथें ती यादी संपली. पाण्याच्या नळासही थंडी बाधते, असें आपल्या घरांतील वडील माणसांनीं कधीं सांगितलें नाहीं, आणि तसें सांगण्याचें कारणही त्यांस नव्हतें. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे हिमकण दिसले, तर ती आपल्याकडे वर्तमानपत्रांतील बातमी होते. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत व कॅनडांत संसार थाटून राहिलीं आहेत. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ अशा प्रांतीं जानेवारींत रात्रीचें उष्णमान शून्याखालीं दहा-पंधरा अंश सेल्सिअस जाणें ही नवलाची गोष्ट नव्हे. त्या मुलखांत थंडीच्या तयारीची यादी पाण्यापासूनच सुरू होते.

त्या यादींतील एकच कलम आम्ही या महिन्यांत घेत आहों. तिकडे मोटारहोम नांवाचें जें फिरतें घर असतें, त्यांतील पाणी तापविण्याचा बंब हिंवाळ्यापूर्वीं सुरक्षितपणें रिकामा कसा करावा, व तो पुष्कळ वर्षें टिकावा म्हणून त्याची निगा कशी राखावी, हा आमचा आजचा विषय. मोटारहोम म्हणजे एका मोठ्या मोटारीवरच बांधलेलें लहानसें बिऱ्हाड. निजावयाची जागा, चूल, शीतकपाट, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सर्व कांहीं त्यांत असतें. इंडियाना संस्थानांतील एल्खार्ट हें गांव व त्याचा परिसर अशा गाड्या बांधण्याच्या धंद्यासाठीं सर्व अमेरिकेंत प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांस घेऊन राष्ट्रीय उद्यानें पाहत हिंडावें, आणि थंडी पडूं लागली म्हणजे गाडी झांकून ठेवून द्यावी, असा तिचा वार्षिक क्रम. आपल्याकडून आईवडील मुलांकडे जातात तेहि बहुधा याच उन्हाळ्यांत, आणि अशा सहलीस त्यांसही नेलें जातें. म्हणून हा विषय केवळ तिकडील तरुण मंडळींचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम कारण समजून घेऊं. कारण समजलें कीं कृति लक्षांत राहते. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसतात. पाणीही आकसतें, पण तें सुमारें ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखालीं तें उलट फुगूं लागतें, आणि शून्य अंशावर गोठतांना शंभर भाग पाण्याचा सुमारें एकशें नऊ भाग बर्फ होतो. उघड्या पातेल्यांतील पाणी गोठलें तर बर्फ थोडा वर चढतो, इतकेंच. परंतु भांडें सर्व बाजूंनीं बंद व कांठोकांठ भरलेलें असेल, तर या नऊ भागांस जागा कोठून मिळावी? मोटारहोमच्या लहान बंबांत सामान्यतः ६ गॅलन, म्हणजे सुमारें २२.७ लिटर पाणी मावतें. त्या सगळ्याचा बर्फ झाला तर त्यास २४.७ लिटरांच्या आसपास जागा पाहिजे. हे जादा दोन लिटर टाकींत मावत नाहींत, सबब टाकी किंवा तिला जोडलेल्या नळ्या फोडून ते आपली जागा करून घेतात.

लोखंडापुढें पाण्याचें काय चालणार, असें कोणास वाटत असेल, तर त्यानें क्वेबेक येथील एक जुना प्रयोग ध्यानांत घ्यावा. तोफखान्यांतील मेजर एडवर्ड विल्यम्स या अधिकाऱ्यानें १७८४ व १७८५ सालीं तेथील कडक थंडींत पोकळ लोखंडी तोफगोळे पाण्यानें भरले, त्यांच्या तोंडांत बुचें ठोकून बसविलीं आणि ते उघड्यावर ठेवून दिले. पाणी गोठूं लागलें तेव्हां ठोकलेलें बूच दूर उडून गेलें. आणि जेथें बूच पक्कें बसलें होतें तेथें गोळाच तडकला. जेथें तोफगोळ्याच्या लोखंडाचा टिकाव लागला नाहीं, तेथें पातळ पत्र्याची टाकी, पितळी झडप व प्लॅस्टिकची नळी यांची काय कथा? शिवाय अशा फुटीचें दुखणें हिंवाळ्यांत दिसतही नाहीं. बर्फ आहे तोंवर भेगेंतून थेंब गळत नाहीं. वसंतऋतूंत बर्फ वितळतो, पंप सुरू होतो, आणि मग पाणी भिंतीच्या आंत झिरपूं लागतें. लांकूड कुजलें व तळाची फळी फुगली म्हणजे दोष ध्यानीं येतो. तोंपर्यंत एका नळीचें नुकसान सबंध घराचें झालेलें असतें.

आतां बंबाची रचना पाहूं. न्हाणीघरांतील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस ती कठीण वाटणार नाहीं. आपल्या बंबांत मध्यें विस्तवाची नळी, तिच्याभोंवतीं पाणी व खालीं तोटी. मोटारहोमच्या बंबांतही टाकींतील पाण्यामधून विस्तवाची नळी जाते. तींत कोळशाऐवजीं गॅसची ज्योत जळते, आणि पुष्कळ बंबांत त्याखेरीज विजेवर तापणारी सुमारें १,४०० वॅटची एक कांबही असते. मुख्य भेद हा, कीं आपला बंब वरून पाणी ओतण्यास उघडा असतो, आणि हा सर्व बाजूंनीं बंद. आपल्या बंबांत वाफ कोंडत नाहीं. यांत पंपाचा दाब व उष्णतेचा दाब हे दोन्ही कोंडून राहतात. म्हणून त्यास एक सुरक्षा-झडप बसविलेली असते. टाकींतील उष्णमान २१० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ९९ अंश सेल्सिअस झालें, किंवा दाब दर चौरस इंचास १५० पौंडांपर्यंत चढला, तर ही झडप आपोआप उघडते व पाणी बाहेर सोडते. गाडीच्या बाहेरील अंगास एक लहान दार असतें. तें उघडलें कीं वरच्या बाजूस ही झडप व खालीं पाणी सोडण्याचें बूच दिसतें.

या बंबांच्या टाक्या मुख्यत्वें दोन घडणींच्या आढळतात. सबर्बन या नांवाच्या बंबाची टाकी पोलादी असून तिला आंतून कांचेसारखा कठीण लेप दिलेला असतो, आणि तिच्या बुचास धातूची एक लांब कांडी जोडलेली असते. ॲटवुड या नांवाच्या बंबाची टाकी ॲल्युमिनिअमची असून तिचें बूच साधें प्लॅस्टिकचें असतें. ॲटवुडचा धंदा २०१४ सालीं डोमेटिक कंपनीनें घेतला. आपली टाकी यांपैकीं कोणती, हें काम आरंभण्यापूर्वींच बंबावरील पट्टी व सोबतची पुस्तिका वाचून ठरवावें. पुढें एके ठिकाणीं या भेदाचें महत्त्व येणार आहे.

मुख्य कृतीच्या पायऱ्या चारच आहेत: विस्तव बंद करणें, पाणी निवूं देणें, दाब मोकळा करणें, आणि मग बूच काढणें. यांतील प्रत्येक काम सोपें आहे. धोका आहे तो क्रम मोडण्यांत.

पहिली पायरी विस्तवाची. गाडीच्या आंत गॅसच्या ज्योतीचें बटन असतें तें बंद करावें. विजेच्या कांबेचें बटन निराळें असतें, आणि कांहीं बंबांत तें आंत नसून बाहेरील दारामागें, बंबावरच असतें. एक बंद करून दुसरें विसरण्याचा संभव फार. सबब दोन्ही हातानें तपासावीं. पाठोपाठ गॅसच्या टाकीची चावीही फिरवून ठेवावी.

दुसरी पायरी धीराची. टाकीभोंवतीं उष्णता राखणारें जाड वेष्टण असल्यामुळें आंतील पाणी कित्येक तास ऊन राहतें. बाहेरून हात लावून गार वाटलें म्हणजे आंत गार झालें असें समजूं नये. ६० अंश सेल्सिअसचें पाणी मनुष्याची कातडी अवघ्या कांहीं सेकंदांत भाजूं शकतें, आणि लहान मुलें व वृद्ध यांची कातडी त्याहून लवकर भाजते. म्हणून संध्याकाळीं विस्तव बंद करावा व दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामास लागावें, हा उत्तम मार्ग. ज्यास तितकी सवड नसेल त्यानें आंतील ऊन पाण्याची तोटी सोडून, येणारें पाणी थंड होईपर्यंत वाहूं द्यावें.

तिसरी पायरी दाबाची. गाडींतील पंप बंद करावा, बाहेरून पाण्याची नळी जोडली असेल तर ती सोडवावी, आणि आंतील ऊन पाण्याची तोटी उघडून धार थांबेपर्यंत वाट पाहावी. धार थांबली म्हणजे दाब उतरला. मग बाहेर येऊन, एका बाजूस उभें राहून, सुरक्षा-झडपेची दांडी हळूहळू वर करावी. तेथें जोर नाहीं अशी खात्री झाल्यावांचून खालच्या बुचास पाना लावूं नये. दाबाखालील टाकीचें बूच ढिलें केलें तर तें बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें, आणि त्यामागून येणारें पाणी कढत असेल तर काय होईल हें सांगणें नलगे.

चौथी पायरी बुचाची. सबर्बनच्या बुचास एक पूर्णांक एक सोळांश इंची पाना लागतो. बूच सोडवितांना बुचासमोर तोंड आणूं नये. बूच निघालें तरी पाणी कधीं कधीं गळगळ करीत थोडें थोडें येतें. तेलाच्या डब्यास एकच भोंक पाडलें असतां जें होतें तेंच हें. आंत हवा गेल्यावांचून पाणी मोकळेपणीं बाहेर येत नाहीं. म्हणून वरची सुरक्षा-झडप व आंतील ऊन पाण्याची तोटी दोन्ही उघडींच ठेवावीं. बूच टाकीच्या अगदीं तळाशीं नसल्यामुळें थोडेंसें पाणी शेवटीं आंत राहतें. त्याची चिंता करूं नये. रिकाम्या टाकींत त्यास फुगावयास भरपूर जागा असते.

टाकी अशी रिकामी झाली म्हणजे वर्षाची सफाईही त्याच वेळीं उरकावी. आपल्या बंबाच्या तळाशीं जसा पांढरा थर सांचतो, तसाच तो येथेंही सांचतो; विशेषतः ज्या गांवचें पाणी जड असेल तेथें भरलें असेल तर फारच. हा क्षार तळाशीं राहिला तर ज्योतीची उष्णता पाण्यास लवकर पोंचत नाहीं, आणि विजेची कांब त्यांत बुडाली तर ती अति तापून जळते. बुचाच्या भोंकांतून आंत जाणारी एक वांकडी बारीक नळी तिकडे मिळते; तिनें पाण्याची धार आंत मारून, बाहेर पडणारें पाणी स्वच्छ होईपर्यंत गाळ धुऊन काढावा.

आतां सबर्बनच्या त्या कांडीविषयीं. बूच बाहेर आलें कीं त्यास जोडलेली कांडी खडबडीत, झिजलेली, जागोजाग खळगे पडलेली दिसते. ती पाहून यंत्र बिघडलें असें नवख्यास वाटतें. वस्तुतः तें यंत्र नीट चाललें असल्याचें चिन्ह आहे. कांडी बहुधा मॅग्नेशियमची असते. दोन भिन्न धातु पाण्यांत एकमेकांस जोडलेले असले, तर त्यांपैकीं अधिक चंचल धातु झिजतो व दुसरा वांचतो. हें तत्त्व सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं ब्रिटिश आरमारासाठीं उपयोगांत आणलें. जहाजांच्या तळास ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यानें झिजत असे. त्यास जस्ताचे किंवा बिडाचे लहान तुकडे जोडतांच पत्र्याची झीज थांबली. गंमत अशी, कीं पत्रा झिजेनासा झाल्याबरोबर त्यावर कालवें व शेवाळ धरूं लागलें, कारण त्यांस दूर ठेवणारें तांब्याचें विष पाण्यांत उतरेनासें झालें. आणि आरमारानें ती योजना सोडून दिली. बंबांत कालवांचें भय नसल्यामुळें डेव्हींची युक्ति निर्वेध चालते. लेपास कोठें बारीक तडा गेला तरी मॅग्नेशियम आधीं झिजतें व पोलाद वांचतें. कांडीचे चार भागांपैकीं तीन भाग झिजले असले म्हणजे ती बदलावी. नव्या कांडीचा खर्च नव्या टाकीच्या मानानें अगदींच किरकोळ असतो. परंतु ॲल्युमिनिअमच्या टाकींत अशी कांडी बसवूं नये. त्या टाकीची घडणच निराळी आहे; तिचा आंतील थर स्वतः झिजून बाकीच्या धातूचें रक्षण करील अशी योजना तींत केलेली असते.

बंब रिकामा झाला तरी गाडींतील नळ, पंप व तोट्या यांत पाणी उरतेंच. त्यांची व्यवस्था केल्यावांचून काम पुरें होत नाहीं. त्यासाठीं तिकडे एक गुलाबी रंगाचा द्रव मिळतो. त्यास मोटारहोमचें अँटिफ्रीझ म्हणतात व त्याचा मुख्य घटक प्रॉपिलिन ग्लायकॉल असतो. पंपानें हा द्रव ओढून प्रत्येक तोटींतून, थंड व ऊन दोन्ही बाजूंनीं, गुलाबी धार येईपर्यंत सोडावयाचा, आणि शेवटीं थोडासा मोरीच्या प्रत्येक नळांत ओतावयाचा, म्हणजे तेथील वांकांत अडकलेलें पाणीही गोठून नळ फोडीत नाहीं. साधारण गाडीस दोन-तीन गॅलन पुरतो. मात्र त्यापूर्वीं बंबाच्या मागील बाजूस असलेल्या बायपासच्या झडपा फिरवून बंबाकडील वाट बंद करावी. बायपास म्हणजे बंबास वळसा घालून थंड नळांतून थेट ऊन नळाकडे जाणारी आडवाट. ती न उघडल्यास द्रव प्रथम सबंध बंब भरतो, आणि सहा गॅलन द्रव निष्कारण खर्ची पडून वसंतांत तो धुऊन काढण्याचें नसतें काम मागें लागतें. कित्येक लोक द्रवाऐवजीं हवेच्या पंपानें नळ फुंकून कोरडे करितात. तीही रीत चांगली आहे. परंतु हवेचा दाब दर चौरस इंचास ३० ते ४० पौंडांवर नेऊं नये, नाहींतर बर्फानें फुटावयाचे सांधे हवेनेंच सुटतील.

या ठिकाणीं एक गोष्ट आम्हांस विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. मोटारीच्या इंजिनांत घालावयाचें जें अँटिफ्रीझ असतें, तें बहुधा एथिलिन ग्लायकॉलचें असून विषारी आहे. त्याची चव गोडसर असते, आणि हाच त्यांतील मोठा धोका; लहान मूल किंवा घरांतील कुत्रें तें आवडीनें चाटतें, व थोड्याशाही प्रमाणानें मूत्रपिंडें निकामी होऊन प्राणावर बेततें. तें पिण्याच्या पाण्याच्या नळांत एक थेंबही जातां कामा नये. घरांत शिल्लक आहे म्हणून वापरलें, अशी काटकसर येथें सर्वथा वर्ज्य समजावी. डब्यावर पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठीं योग्य असें स्पष्ट लिहिलेलें असेल तोच द्रव घ्यावा.

आमची मुलें दक्षिणेकडे, टेक्सासमध्यें राहतात, त्यांस या खटाटोपाचें काय काम, असें कोणी म्हणेल. त्यांनीं फेब्रुवारी २०२१ ची आठवण ठेवावी. त्या महिन्यांत टेक्सासभर अशी हिमवृष्टि व थंडी पडली, कीं लाखों घरांतील वीज गेली व असंख्य घरांतील नळ फुटले. जेथें थंडी नित्य पडते तेथील लोक तयारींत असतात. क्वचित् पडते तेथेंच ती अधिक घात करिते. म्हणून दक्षिणेंतही गाडी वापरांत नसेल तेव्हां निदान बंब रिकामा करून ठेवण्याचा परिपाठ असावा. उत्तरेंत राहणाऱ्यांनीं हें काम नवरात्रानंतर लांबणीवर टाकूं नये. दिवाळीची वाट पाहिली तर तिकडील पहिली कडक रात्र त्यापूर्वींच येऊन जाण्याचा संभव असतो.

हिंवाळा सरला, अंगणांतील बर्फ गेला, कीं याच कामाची उलटी बाजू येते. बूच किंवा कांडी पुन्हां बसवितांना तिच्या आट्यांभोंवतीं टेफ्लॉनच्या पट्टीचे दोन-तीन वेढे द्यावे, प्रथम हातानेंच फिरवावें, व आटे सरळ धरले अशी खात्री झाल्यावर पान्यानें बेताचें आवळावें. सुरक्षा-झडप मिटवावी. बायपास पूर्वस्थितीवर आणावा. पाण्याच्या टाकींत स्वच्छ पाणी भरून नळांतील गुलाबी द्रव धुऊन काढावा, आणि पिण्याचें पाणी निर्दोष व्हावें म्हणून टाकीच्या दर १५ गॅलनांस पाव कप साधें, वास न घातलेलें ब्लीच पाण्यांत मिसळून सर्व नळांत कांहीं तास राहूं द्यावें व मग सर्व पाणी बदलावें. ज्योतीच्या नळींत हिंवाळ्यांत कोळी जाळें विणतात व कुंभारमाशी घर करिते. ती नळी ब्रशानें साफ करावी. ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत व काजळी दिसली तर हवा कोंडली आहे असें समजून बंब बंद करावा.

उन्हाळ्यांतील वापरांत दोन चिन्हांकडे लक्ष असावें. एक, सुरक्षा-झडपेंतून टपकणारे थेंब. टाकीच्या माथ्याशीं थोडी हवा कोंडलेली असते व तापून फुगणाऱ्या पाण्यास ती जागा देते; ती हवा पाण्यांत विरून गेली म्हणजे झडप टपकूं लागते. बंब निववून, पाण्याचा पुरवठा बंद करून, आंतील तोटी उघडी ठेवून झडपेची दांडी वर केली व धार आपोआप थांबूं दिली, म्हणजे ती हवा पुन्हां भरते. यानंतरही टपकणें चालूच राहिलें तर झडप बदलावी. पण तिचें तोंड बुजविण्याचा विचारही मनांत आणूं नये. दुसरें चिन्ह कुजक्या अंड्याच्या वासाचें. हा वास फक्त ऊन पाण्याची तोटी सोडली असतां येत असेल, तर तो टाकींतील सूक्ष्म जंतूंचा. वर सांगितलेल्या ब्लीचनें तो जातो. परंतु तोटी मिटलेली असतां तसला वास आला, तर तो गॅसचा समजावा. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच असा वास त्यांत मुद्दाम मिसळलेला असतो. अशा वेळीं कोणतेंही बटन न दाबतां सर्वांनीं आधीं बाहेर यावें व गॅसची चावी बंद करावी. गळती शोधावयाची ती साबणाच्या फेंसानें, काडी पेटवून कदापि नव्हे.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बंबांत पाणी नसतां तो पेटवूं नये, हा नियम आपल्या घरांतील आजीपासून नातीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. कोरडा बंब पेटविला तर त्याचे सांधे उकलतात. मोटारहोमच्या बंबासही तोच नियम लागू आहे. रिकाम्या टाकींत विजेची कांब सुरू केली, तर ती कांहीं क्षणांतच जळून जाते, आणि गॅसची ज्योत लावली तर कोरडी टाकी भाजून निघते. परंतु आपल्या बंबांत डोकावून पाहतां येतें, तसें या बंद टाकींत पाहतां येत नाहीं. ऑक्टोबरांत ज्यानें टाकी रिकामी केली, तोच मनुष्य एप्रिलांत बटन दाबील असा नेम नाहीं. मुलगा कामावर असतो, सूनबाई मुलांची तयारी करीत असतात, आणि नुकत्याच पुण्याहून आलेल्या सासूबाईंस किंवा घरांतील शाळकरी नातवास ऊन पाणी हवें असतें. समोर बटन असतें, तें दाबलें जातें. यांत दाबणाराचा दोष नाहीं. ज्याला ठाऊक होतें त्यानें तें लिहून ठेवलें नाहीं, हा दोष.

म्हणून आमची सूचना अशी आहे, कीं टाकी रिकामी केली त्याच दिवशीं बंबाच्या दोन्ही बटनांवर, आंतील व बाहेरील, एकेक चिठ्ठी दोऱ्यानें बांधावी. तीवर तारीख घालावी, बायपासच्या झडपा कोणत्या बाजूस फिरविल्या आहेत तें लिहावें, कांडी केव्हां बदलली तेंही लिहावें, आणि वर ठळक अक्षरांनीं लिहावें: "बंब रिकामा आहे. पाणी भरल्यावांचून पेटवूं नये." ही चिठ्ठी मराठींत व इंग्रजींत, दोन्ही भाषांत असावी, कारण त्या घरांत कोणास एक सहज वाचतां येते, कोणास दुसरी. वसंतांत पाणी भरून झाल्यावर ऊन पाण्याची तोटी उघडावी. तींतून प्रथम हवा फुरफुरत येईल, मग तुटक धार, आणि शेवटीं अखंड धार लागेल. ती अखंड धार स्वतः डोळ्यांनीं पाहिल्यावरच चिठ्ठी सोडावी, आणि मग विस्तव लावावा.